आई-वडिलांच्या माघारी स्वमग्न लेकराचं घर कोणतं? वारस नोंदीपासून घरकुलापर्यंत सविस्तर माहिती

वाशिम : "आम्ही आहोत तोवर ठीक, पण आमच्या मागं याचं कसं होईल?" स्वमग्न किंवा मानसिक आजार असलेलं लेकरू ज्या घरात आहे, तिथं हा प्रश्न रोज असतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत अशी घरं आहेत. जिल्ह्यात दहापैकी आठ माणसं खेड्यात राहतात. तिथं निवारा म्हणजे वडिलोपार्जित घर, शेत आणि भावकी. त्यामुळे मोठ्या शहरातली संस्था शोधण्याआधी गावातल्या याच घरात त्या व्यक्तीची जागा पक्की करणं महत्त्वाचं ठरतं. त्यासाठीची बहुतेक कामं तहसील, ग्रामपंचायत आणि जिल्हा रुग्णालयात होतात. पण ती आई-वडील हयात असतानाच करावी लागतात.

आधी फरक समजून घ्या

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. ही जन्मापासूनची वेगळी घडण आहे. बोलणं कमी किंवा वेगळ्या धाटणीचं असणं, नजर न देणं, ठरलेला क्रम मोडला की बिथरणं, मोठा आवाज किंवा स्पर्श सहन न होणं, ही तिची लक्षणं. काही स्वमग्न माणसं अजिबात बोलत नाहीत, तर काही पदवीपर्यंत शिकतात. गावात अशा माणसाला अनेकदा 'मंद' किंवा 'येडा' म्हणून मोकळं होतात आणि तपासणी राहूनच जाते.

नैराश्य, तीव्र चिंता, स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे मानसिक आजार आहेत. ते कोणत्याही वयात होऊ शकतात आणि त्यांच्यावर उपचार आहेत. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात. स्वमग्न माणसांमध्ये चिंता, नैराश्य आणि झोपेच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त दिसतात. त्यात राहती जागा सुटली, रोजची माणसं बदलली, की त्रास आणखी वाढतो.

हा फरक कागदावरही महत्त्वाचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आणि मानसिक आजार दोन्ही येतात. पण राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच लागू आहे. मानसिक आजारासाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा वेगळा कायदा आहे. म्हणून तपासणीत दोन्ही गोष्टी आढळल्या तर दोन्हींची नोंद करून घ्यावी.

घर सुटतं कधी?

आसरा सुटण्याच्या वेळा बहुतेक ठरलेल्या असतात. वडील वारले आणि वाटणी झाली. भावाचं लग्न झालं आणि घरात जागा कमी पडली. घरचे कामासाठी पुण्याला किंवा ऊसतोडीला निघाले. आजार उसळला, मारझोड झाली, शेजारी तक्रार घेऊन आले. लग्न झालेल्या बाईला आजार झाला, तर तिला माहेरी आणून सोडतात आणि माहेरी भाऊ-भावजय ठेवायला तयार नसतात. या वेळा आधीच ओळखता आल्या, तर तयारीही आधी करता येते.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून तिला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. घरच्यांनी टाकून दिलं असेल, तर तिला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा म्हणून शासनानं कायदेशीर मदतीसह आधार द्यायचा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखंच समाजात राहण्याचा हक्क आहे. कलम १३ प्रमाणे ती मालमत्तेची मालक होऊ शकते, वारसा घेऊ शकते. मुलाला दिव्यांगत्वाच्या कारणावरून आई-वडिलांपासून तोडता येत नाही. बाळाच्या हितासाठी गरज असेल तर तसा आदेश सक्षम न्यायालयच देऊ शकतं.

बाईच्या बाबतीत कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चं कलम १७ लक्षात ठेवावं. घर तिच्या नावावर असो वा नसो, ज्या सामायिक घरात ती राहत आली, तिथं राहण्याचा तिला हक्क आहे. कायद्यानं ठरवून दिलेल्या मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

वारस नोंद आणि हक्कसोड : इथंच घात होतो

"तो येडा आहे, त्याचं नाव कशाला लावायचं?" असं म्हणून वारसांच्या यादीतून नाव गाळण्याचे प्रकार होतात. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की आजार, व्यंग किंवा विकृती या कारणावरून कुणाचाही वारसा हक्क जात नाही. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम वारसा कायद्यातही आजारपणामुळे हिस्सा जात नाही. मुलींनाही हेच लागू.

वडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारस नोंद होताना आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव बदलताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात :

- वारसांच्या अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात त्या व्यक्तीचं नाव आहे ना?
- फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात. नाव गाळलेलं दिसलं तर त्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.
- मुदत गेली तरी सगळं संपत नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम निकाल नव्हे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात ठरतो.
- हक्कसोड पत्रावर अंगठा घेण्याची घाई कुणी करत असेल तर थांबावं. ज्याला व्यवहार समजत नाही, त्याच्याकडून करून घेतलेला करार कायद्यानं टिकत नाही.
- गावठाणातल्या घरांची स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होतात. तुमच्या गावात हे काम झालं असेल, तर पत्रिकेवरची नावंही तपासून घ्यावीत.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. दिव्यांग व्यक्ती आणि महिला यांना मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

मृत्युपत्र आणि पालकत्व

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येतं. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं बरं. "माझ्या अमुक लेकराला मागची खोली, अंगण आणि पाण्याची सोय हयातभर वापरण्याचा हक्क राहील," असं नेमकं लिहावं. "सगळ्यांनी मिळून सांभाळावं," एवढंच लिहिलं तर पुढं ते कुणावरच बंधनकारक राहत नाही. जो भाऊ किंवा बहीण सांभाळणार आहे, तिच्यासाठी काय ठेवलं हेही त्यातच लिहावं. मनात धुसफूस राहिली की तिचा त्रास शेवटी त्या लेकरालाच होतो.

मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. ही समिती जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. नेमलेल्या पालकाला ६ महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पालकानं हेळसांड केली किंवा मालमत्ता खाल्ली, तर त्याला काढून टाकण्याचीही तरतूद आहे.

फक्त मानसिक आजार असेल तर ही समिती चालत नाही. तिथं २०१६ च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे. म्हणजे ज्या व्यवहारात मदत हवी तेवढ्यापुरताच आधार, तोही त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. शिवाय २०१७ च्या कायद्याप्रमाणे, बरं असताना प्रौढ व्यक्ती स्वतः लिहून ठेवू शकते की आजार उसळल्यावर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत आणि तिच्या वतीनं कोण बोलेल.

प्रत्येक स्वमग्न माणसाला पालक लागतोच असं नाही. ज्याला पैसे, कागद आणि व्यवहार कळतात, त्याचा निर्णय त्याचाच आहे.

वडील किंवा आई शासकीय नोकरीत असतील, तर दिव्यांग अपत्याचं नाव निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोकरीत असतानाच नोंदवून घ्यावं. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं.

घरकुल : ५ टक्के कुणासाठी?

२०१६ च्या कायद्याचं कलम ३७ सांगतं की घर आणि शेतजमीन वाटपाच्या योजनांत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण द्यायचं आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य द्यायचं आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट भागात घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे पैसे वेगळे. दिव्यांगांच्या कोट्यातून निवड झाली असेल, तर घर त्या व्यक्तीच्याच नावावर करायचं असतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण भावाच्या नावावरचं घर उद्या भावाचंच राहतं.

रमाई, शबरी, मोदी आवास आणि विमुक्त-भटक्यांसाठीची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या राज्याच्या योजनाही आहेत. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत या रकमेचा हिशेब मागता येतो. छप्पर दुरुस्ती किंवा संडास यासाठी त्यातून मदत मिळावी म्हणून ठराव मांडता येतो.

या सगळ्याची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड. स्वावलंबन पोर्टलवर मोबाइलवरून अर्ज करावा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावं. आधार, रेशन कार्ड, फोटो आणि जुने उपचाराचे कागद सोबत ठेवावेत. स्वमग्न व्यक्तीला रांगेत तासन्‌तास थांबवणं अवघड जातं. आत जाऊन आधी कर्मचाऱ्यांना तसं सांगावं आणि नंबर लवकर घेण्याची विनंती करावी.

महिन्याच्या खर्चासाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १५०० वरून २५०० रुपये करण्यात आलं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात स्वमग्न व्यक्तीला वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं.

घर कसं असावं?

मोठं घर लागत नाही. ठरलेली जागा लागते.

- एक खोली किंवा निदान एक कोपरा कायम त्याचाच. खाट, भांडं, कपड्यांची खुंटी यांची जागा बदलू नये.
- टिनाच्या छतावर पावसाचा आवाज आणि उन्हाळ्यात भट्टीसारखी उष्णता असते. खालून लाकडी, बांबूचं किंवा पोत्याचं आच्छादन केलं तर दोन्ही कमी होतं. आगीची काळजी घ्यावी.
- वरात, डीजे, भोंगे यांचा दिवस आधी कळला तर त्या दिवशी शेतातल्या किंवा नातेवाइकाच्या शांत घरी न्यावं. अचानक नेऊ नये, एक-दोन दिवस आधीपासून सांगत राहावं.
- घराबाहेर निघून जाण्याची सवय असेल तर विहीर आणि शेततळ्याला कुंपण हवं. खिशात किंवा हातात घरच्यांचा मोबाइल नंबर लिहिलेला असावा.
- कीटकनाशक, तणनाशक आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात. नैराश्य असलेल्या घरात हा नियम एक दिवसही मोडू नये.
- जागा बदलायचीच असेल तर नवीन घर आधी चार-पाच वेळा दाखवावं आणि जुनी गोधडी, जुनं ताट सोबत न्यावं.

सांभाळणाऱ्या माणसालाही सुट्टी लागते. आई एकटीच वीस वर्षं करत राहिली, तर ती आजारी पडल्यावर घरात दुसऱ्या कुणालाच काही जमत नाही. बहीण, पुतण्या, शेजारी यांपैकी कुणीतरी आठवड्यातून एक वेळ जेवू घालणं आणि सोबत बसणं आतापासून सुरू करावं. एका वहीत झोप, जेवण, औषध, काय आवडतं, कशानं बिथरतो हे लिहून ठेवावं. उद्या दुसऱ्याच्या हाती देताना ती वही कामाला येते.

उपचार थांबले की घर डगमगतं

"घरात ठेवणं शक्य नाही," असं वाटण्याची वेळ बऱ्याचदा गोळ्या बंद झाल्यावर येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधं मिळतात. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ पासून सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात वाशिम जिल्हा आहे. आशाताईंनाही सांगता येतं. टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर रात्रीबेरात्री मराठीत बोलता येतं.

साखळीनं बांधणं हा उपाय नाही. २०१७ च्या कायद्यानं कोणत्याही प्रकारे साखळदंड लावण्यास मनाई आहे. तामिळनाडूतल्या एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रमाला आग लागली. साखळीनं बांधलेले २८ रुग्ण सुटू न शकल्यानं दगावले. "बाहेरचं झालंय" म्हणून एखाद्या ठिकाणी नेऊन बांधून ठेवणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. दर्शन-नवस ज्याची त्याची श्रद्धा, पण गोळ्या बंद करू नयेत.

कुणी आजारी माणूस रस्त्यावर भटकताना दिसला तर ११२ वर कळवावं. पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. घरात कोंडून हाल होत असतील तर तेही पोलिसांना कळवता येतं. पोलिसांनी ते न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं मांडायचं असतं.

घरी ठेवणं शक्यच नसेल तर

काही घरांत खरंच कुणी उरत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झर इथं शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव देऊन वाढवलं. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. १८ वर्षांनंतर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या दिव्यांग मुलांनी जायचं कुठं, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. आई-वडिलांच्या माघारी काय, हा घराघरातला प्रश्न याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे.

बुलढाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथं सेवासंकल्प प्रतिष्ठान बेघर मनोरुग्णांना आसरा देतं. ठाणे जिल्ह्यात बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही संस्था उभी केली. कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र भटक्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवतं. त्याचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चेन्नईच्या 'द बनयन' संस्थेनं २०१५ मध्ये 'होम अगेन' सुरू केलं. त्यात चार-पाच जण वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरात मदतनीसासोबत राहतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासोबतही या संस्थेनं काम केलं. एखाद्या गावातल्या तीन-चार कुटुंबांनी मिळून असं एक घर आणि एक मदतनीस ठरवणं अशक्य नाही.

संस्था निवडताना न सांगता एकदा भेट द्यावी. नोंदणी दाखवायला लावावी. राहणाऱ्यांचे कपडे, संडास, औषधांची नोंद पाहावी. भेटायला कधीही येऊ देत नसतील किंवा जमीन लिहून मागत असतील, तर तिथं ठेवू नये. कायमचं सोडण्याआधी आठ-पंधरा दिवस ठेवून पाहावं.

स्वतःच्या पायावर राहायचं असेल तर

शिकलेला, काम करणारा स्वमग्न तरुण वाशिम, अकोला किंवा पुण्यात खोली घेऊ पाहतो. सहा जणांच्या खोलीपेक्षा लहान पण एकट्याची, रस्त्यापासून आतली खोली त्याला मानवते. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडं ठरलेल्या तारखेला बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करावी. घरमालकाला सगळा आजार सांगायची गरज नाही, पण अडचणीत फोन करायला एक जवळचा नंबर द्यावा.

येत्या महिन्यात करायची कामं

१. यूडीआयडीचा अर्ज आणि तपासणी.
२. सातबारा, नमुना ८ आणि मिळकत पत्रिकेवरची नावं तपासणं.
३. त्या व्यक्तीच्या नावानं बँक खातं आणि संजय गांधी योजनेचा अर्ज.
४. घरकुलाच्या यादीत नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत पाहणं.
५. वय १८ च्या पुढे असेल तर पालकत्व लागेल का, याचा विचार.
६. मृत्युपत्र.
७. आईनंतर कोण, बाबांनंतर कोण, हे भावंडांना समोर बसवून बोलणं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, त्यालाही सोबत बसवावं आणि त्याला कुठं राहायचं आहे ते विचारावं. बोलता येत नसेल तरी तो कुठं शांत असतो, कुठं जेवतो, कुठं झोपतो, यातून त्याचं उत्तर कळतं.

महत्त्वाचे नंबर : टेलिमानस १४४१६, मोफत कायदेशीर मदत १५१००, पोलीस ११२, आरोग्य सल्ला १०४. योजनांसाठी जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आणि आपलं तहसील कार्यालय.